भरभर मोजणारा चौकोन

१

जावयाने सासरी यावं, खावं-प्यावं, दुपारी पंखा लावून घोरावं आणि आला तसा परत जावं. एवढं साधं काम बाईंच्या जावयाला जमत नव्हतं. ह्या माणसाला सुधारणेचा रोग होता. दिसेल ती वस्तू त्याला मंद वाटायची. आल्या दिवशीच त्याने जिन्याच्या दाराला तेल घालून त्याची कुरकुर घालवली. तेव्हापासून घरात कोण वर आलं, कोण खाली गेलं, ते बाईंना कळेनासं झालं. मग न्हाणीघरातला नळ खोलून सैल केला. "आई, आता बादली पटकन भरेल." बादली भरली, आणि बादलीबरोबर न्हाणीघरही भरलं.

परवा तर कहर झाला. बाईंनी दूध आटवायला मंद आचेवर ठेवलं होतं. ह्याने येता-जाता आच मोठी केली. घरभर करपट वास सुटला. बाई धावत स्वयंपाकघरात आल्या तर दूध गेलेलं, आणि जावईबापू मोरीपाशी उभे राहून खाली मान घालून पातेलं घासतायत. 'माझं चुकलं' म्हणायला त्याच्या जिभेवर कोणी दगड ठेवला होता कोण जाणे. पातेलं मात्र असं लखलखीत घासलं की बाईंना त्यात स्वतःचा संताप दिसला.

"ह्याला आवर," त्या लेकीला म्हणाल्या.

"मदत करतायत गं ते."

"मागितल्यावर करतात ती मदत. न मागता करतात त्याला उपद्रव म्हणतात."

लेक हसली. रात्री जेवताना जावई पुन्हा सुरू. वडिलांचा माळा आवरून आलोय, निम्मं सामान भंगारात दिलं, निम्मं अजून गाडीतच आहे, जुन्या वस्तू काय दणकट असायच्या, वगैरे. बाईंनी त्याच्या ताटात भाजी वाढली ती त्याचं तोंड बंद राहावं म्हणून.

हे सगळं परवाचं. आज सकाळी बाई खाली कारखान्यात गेल्या, त्यांनी माग चालू केला, आणि दूध, नळ, जावई हे सगळं त्यांच्या डोक्यातून एका क्षणात उडून गेलं.

माग वेड्यासारखा पळत होता.

२

कारखाना म्हणजे घराखालची एक लांबट खोली. तिच्यात एक माग, आणि मागाच्या कुशीला एक जुनी कॉम्प्युटरची पेटी. शर्टाच्या कॉलरमागे नावाची विणलेली पट्टी असते ना, ती इथे व्हायची. कुठला हुक कधी उचलायचा, कुठल्या रंगाचा दोरा कधी घालायचा, हे पेटीने सांगायचं आणि मागाने ऐकायचं. पेटीचं प्लास्टिक म्हाताऱ्याच्या दातांसारखं पिवळं पडलं होतं. पण बाईंचे यजमान गेल्यावर ह्या दोघांनीच घर ओढलं होतं. मुलाचं शिक्षण, लेकीचं लग्न, सगळं त्या बोटभर पट्ट्यांतून निघालं होतं.

बाई शाळेत फार गेल्या नव्हत्या. पडद्यावरची अक्षरं त्यांना लागायची नाहीत. पण मागाचा आवाज त्यांना पाठ होता. खट-खट-खट, मग बारीकसा दम, मग सर्रकन धोटा. त्या दमात आडवा दोरा नेणारा धोटा आपल्या जागी परत यायचा. आज तो दमच नव्हता. धोटा अर्ध्या वाटेवर असतानाच पुढचे हुक उठत होते, दोरे तटातट तुटत होते, आणि पट्टीवर गिऱ्हाइकाच्या नावाची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती.

बाईंनी माग बंद केला. मागे मुलगा येऊन उभा राहिला होता.

"संपला," तो म्हणाला. "मी सांगतच होतो, आई. त्याचं वय झालं."

"वय माझंही झालंय. मी अशी दोरे तोडत फिरते का?"

"तू शब्द दिला होतास."

दिला होता. सगळ्यांच्या देखत दिला होता, जेवणाच्या टेबलावर हात आपटून. मुलाने ह्या खोलीसाठी गिऱ्हाईक आणलं होतं. त्या गिऱ्हाइकाला इथे दुकान काढायचं होतं आणि माग भंगारात जायचा होता. बाई तडकल्या होत्या, म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी हा माग गिऱ्हाइकाला नाही म्हणेल, त्या दिवशी ह्या खोलीच्या किल्ल्या मी स्वतः तुझ्या हातात देईन." आज संध्याकाळी कपड्यांच्या कंपनीची गाडी शेवटचा गठ्ठा न्यायला येणार होती. तो गठ्ठा अजून मागावर चढायचा होता.

"संध्याकाळ झाली का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग किल्ल्या माझ्याच कमरेला आहेत. मेस्त्रींना फोन लाव."

मेस्त्री म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची दुरुस्ती करणारे, यजमानांचे दोस्त. ही पेटी बसवली तेव्हापासून तिच्या आत हात घालायची परवानगी दुसऱ्या कोणाला नव्हती. ते आले, कॅनव्हासची पिशवी खाली ठेवली, पेटीचं झाकण काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक आत खुपसलं.

"सांगा की," बाई वैतागल्या. "जिवंत आहे का गेला?"

मेस्त्रींनी नाक बाहेर काढलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "पेटी आपली आहे. आतला मेंदू आपला नाही."

३

त्यांनी तो चौकोन उपटून बाईंच्या तळहातावर ठेवला आणि बाईंनी हात झटकला. "चटका बसला की!"

"तेच म्हणतोय. आपला असा तापायचा नाही. हात ठेवला तर नुसता कोमट लागायचा."

प्रोसेसर म्हणतात त्याला. जांभळट करड्या चिनी मातीचा, बिस्किटाएवढा चौकोन. खालच्या अंगाला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पायांची दाटी, दात घासायच्या ब्रशासारखी. आपला जुना दिसायला असाच होता, फक्त त्याच्या एका कोपऱ्यावर यजमानांनी लाल रंगाचा ठिपका लावून ठेवला होता, चुकून उलटा बसू नये म्हणून. ह्याच्यावर ठिपका नव्हता.

"आपल्यावर वेगाचा आकडा तेहतीस लिहिला होता, ह्याच्यावर सहासष्ट," मेस्त्री म्हणाले. "हा लबाड आहे. पाय तेवढेच, खाचेत बसतो तसाच, बाहेरच्यांशी बोलतो जुन्याच चालीने. पण आतल्या आत दुप्पट पळतो. म्हणून तर तापतो."

"मग पळू दे. माग का बिघडावा?"

"कारण मागाचा प्रोग्रॅम त्या काळचा आहे. त्याला घड्याळ बघता येत नाही. धोट्यासाठी थांबायचं असलं की तो नुसते आकडे मोजतो, अमुक एका आकड्यापर्यंत. लपंडावात ज्याच्यावर राज्य असतं ते पोर मोजतं ना, तसं. आपला जुना सावकाश मोजायचा, धोटा निवांत घरी यायचा. हा भरभर मोजतो आणि डोळे उघडतो. अजून कोणी लपलेलंच नसतं."

"ह्याला हळू मोजायला लावा."

"काही पेट्यांना वेग उतरवायची कळ असते. ह्या पेटीला दिलेली नाही."

"तुमच्याकडे तेहतीसवाला दुसरा?"

"एकही नाही. माझ्याजवळचे सगळे नंतरचे, वेगवान. शोधून मिळेल, पण आज नाही मिळणार."

म्हणजे आपलाच जुना मिळायला हवा, आणि तो संध्याकाळच्या आत. बाईंनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या.

मुलगा पुढे झाला. "ह्या जुन्या प्रोसेसरात सोनं असतं ना, मेस्त्री? भंगारवाले शोधत फिरतात म्हणे."

"असतं थोडं."

"आणि काल तुम्ही इथे आला होता. बंद पडलेला पडदा न्यायला."

"आलो होतो. सूनबाईंनी दार उघडलं."

"ही पेटी उघडता कोणाला येते? ह्या घरात कोणालाच नाही." आणि बाई 'अरे' म्हणेपर्यंत त्याने मेस्त्रींची पिशवी उचलून फरशीवर उलटी केली. पकडी, वायरी, स्पिरिटची बाटली, डब्यातली पोळीभाजी सगळी पसरली. सून दारात थबकली. जिन्यावर लेक आणि जावई उभे होते.

वायरींच्या गुंत्यातून एक चपटी डबी घरंगळत बाईंच्या पायाशी आली आणि उघडली. आत काळ्या फोममध्ये रोवलेले, सोन्याच्या पायांचे जांभळट चौकोन होते.

"बघ," मुलगा म्हणाला.

४

बाई खाली बसल्या. एकेक चौकोन हातात घेऊन कोपरे बघितले. एकावरही लाल ठिपका नव्हता. आणि सगळे कसे स्वच्छ, पाठ गुळगुळीत.

"मी स्पिरिटने पुसूनच ठेवतो, वहिनी." मेस्त्री म्हणाले. ते स्टुलावर बसले आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. हात थरथरत होते.

पेटीतला तो तापट चौकोन बाईंनी उलटापालटा केला. ह्याच्या पाठीवर मात्र गोंदाचा पिवळट, चिकट चौकोन होता.

"हे काय?"

"त्याच्या जुन्या घरी त्याच्या डोक्यावर पंखा चिकटवलेला असणार. गरम होतो ना. कोणीतरी तो उचकटून काढलाय."

"हं," बाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "ही पिशवी जशी होती तशी भर. एकेक वस्तू. तोवर मी वर जाऊन जरा चार माणसांशी बोलते."

काल कारखान्याला सुट्टी होती. बाई आणि लेक नातेवाइकांकडे बाळ बघायला गेल्या होत्या. मुलगाही आला होता, पण डोकं दुखतंय म्हणून जेवून लवकर परतला. सून चित्र पुरं करायचं म्हणून घरीच राहिली. जावयाची पाठ धरली होती.

सून वरच्या खोलीत चौकटीच्या कागदावर वाकलेली होती. पट्ट्यांची नक्षी तीच काढायची. आणि ह्या मागावर बारीक नक्षी येत नाही, नवीन यंत्र घ्या, हे महिन्यातून एकदा तरी सुनावायची.

"मेस्त्री आले तेव्हा तू त्यांच्याबरोबर होतीस?"

"दार उघडलं आणि फोन आला म्हणून वर आले. ते पडदा घेऊन लगेच गेले असतील. नंतर खाली कोण गेलं-आलं ते नाही सांगता येणार, आई. ते दार आता वाजतच नाही."

"मला सांगू नकोस ते दार." बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि तोंड का असं केलंयस?"

"ही बघा ना." सुनेने तिची खटक्याची पेन्सिल पुढे केली, खटका दाबला की शिसं बाहेर येतं तसली. "काल संध्याकाळपासून सापडत नव्हती. सकाळी टेबलावरच, पण शिसं काढून घेतलेलं आणि नाक वाकडं. आता ओढू का रेघा नखाने? ह्या घरात कोणाची वस्तू त्याच्या जागी राहत नाही."

बाईंनी पेन्सिल घेतली आणि पदराला खोचली.

स्वयंपाकघरात जावई कपबश्या धूत होता. कोणी सांगितलेल्या नव्हत्या. शेजारी गॅसवर दूध होतं, मंद आचेवर, अगदी जीव गेल्यासारख्या आचेवर. त्याने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुढची बशी घेतली.

"काल तुम्ही घरी होता, जावईबापू. काही आवाज?"

"पाठ धरली होती. झोपलो होतो."

"हे बघितलंत?" बाईंनी बिघडलेली पट्टी दाखवली. "काय करावं ह्याला?"

"हं," तो म्हणाला, आणि बशी पुसायला लागला.

बाई वैतागून निघाल्या. एरवी ह्या माणसाला विचारावं लागत नाही, आणि आज विचारलं तर हुंकार. परत खाली आल्या तेव्हा मुलगा पिशवीत शेवटची वायर गुंडाळून ठेवत होता. त्याच्या पँटच्या खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर आलं होतं.

"काल डोकं दुखत होतं ते मोजत होतास का?"

मुलगा लाल झाला. "खोली मोजत होतो. त्या माणसाला मापं हवी होती. पेटीला हात नाही लावला, आई."

"तुला माहीत होतं का, वेगवान बसवला की माग बिघडतो ते?"

त्याने मोजपट्टी खिशात आत ढकलली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "होतं. बाबांनी सांगितलं होतं मला. मी आणि मेस्त्री दोघेच होतो तेव्हा."

माग घालवायचा होता ह्यालाच. कसा घालवायचा ते माहीतही होतं ह्यालाच. काल तो ह्याच खोलीत होता.

५

बाई मागापाशी बसल्या. पोटच्या पोराबद्दल असा विचार करायचा म्हणजे जिवावर येतं, पण तो न करता दुसऱ्याच्या पोरावर ढकलणं त्यांना त्याहून जड होतं. मेस्त्री अजून स्टुलावर होते, घरी जायला उठवत नसल्यासारखे.

"ह्या खाचेच्या कडेला ओरखडा आहे," बाई म्हणाल्या. डोळे म्हातारे होते, पण दोरा ओवण्यात गेलेले होते. "तुमचा?"

मेस्त्रींनी वाकून बघितलं. "नाही. पुढच्या काळात दांडी उचलली की सुटणारी खाच आली. ह्या जुनीला दांडी नाही. चारी बाजूंनी थोडं थोडं उचलत काढावं लागतं, नाहीतर पाय वाकतात. हा कोणीतरी एकाच बाजूने उचकटलाय. सुरीबिरी घालून."

"म्हणजे आपल्या जुन्याचे पाय वाकले असणार."

"नक्की."

"वाकला तर सरळ कसा करता?"

"हलक्या हाताने. बोथट केलेली इंजेक्शनची सुई असते, ती पायावर चढवायची आणि..." मेस्त्री थांबले. बाईंनी पदरातून पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली होती.

"ह्याने होतं?"

"होतं की. शिसं काढलं की टोक पोकळ. अगदी मापाचं बसतं. ही कुठे मिळाली?"

बाईंनी पेन्सिल परत घेतली. त्या वाकड्या टोकाकडे बघत बसल्या. मग वर कुठेतरी कपबशी वाजली, आणि त्यांना गॅसवरचं दूध आठवलं. अजून मंदच आचेवर असेल. कोणी हात लावला नसेल.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि जिन्याकडे तोंड करून अख्ख्या घराला ऐकू जाईल असा आवाज लावला. "सगळे खाली या."

६

सगळे मागाभोवती उभे राहिले, दवाखान्यात पेशंटभोवती राहतात तसे.

"हे मेस्त्रींनी केलं असं ज्याला वाटतं," बाई मुलाकडे न बघता म्हणाल्या, "त्याने मला एवढं सांगावं. सोन्यासाठी नेला, तर जागी ठेवला त्याला पाय काय पितळेचे आहेत? चोर नेतो. नेऊन वर तेवढ्याच सोन्याचा दुसरा ठेवून जात नाही. आणि मेस्त्रींचा हात असा एकाच बाजूने सुरी घालत नाही, आणि त्यांच्या डबीतला एकही असा गोंद लागलेला नाही. हा आला तो कोणाच्या तरी घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधून."

मुलगा काही बोलणार होता. बाईंनी हात वर केला.

"तुझी पाळी. तुला माग घालवायचा होता, कसा तेही ठाऊक होतं. सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय तो त्यामुळे. पण बिघडवायचा म्हणून बिघडवणारा माणूस माग बिघडल्यावर खूश होऊन झोपतो. तो पेन्सिल चोरून, जुन्या चौकोनाचे वाकलेले पाय सरळ करत बसत नाही. ज्याने हे केलं त्याला तो परत बसवायचा होता. म्हणजे त्याला माग बिघडवायचाच नव्हता. सूनबाई, तूही सुटलीस. तुझ्याच पेन्सिलीचा खून तू करून वर माझ्याकडे फिर्याद आणणार नाहीस."

सुनेने कपाळावर आठ्या घातल्या, पण हसू दाबलं.

"मग राहिलं कोण? ज्याला मागाचं भलं करायचं होतं असा माणूस. बाबांनी सांगितलं ते ज्याला माहीत नव्हतं. ज्याला माझा माग बघून वाटलं, की हा फार मंद आहे." बाई सावकाश वळल्या. "जावईबापू, सकाळपासून माझं दूध बारीक आचेवर आहे. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहून कपबश्या धुतल्यात आणि आच मोठी केली नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुम्हाला काहीतरी झालंय."

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. जावयाने खिशातून चष्म्याची डबी काढली. आत रुमालाच्या घडीत जांभळट चौकोन होता, कोपऱ्यावर लाल ठिपका.

"वडिलांच्या माळ्यावरचा होता तो," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "पंखा काढला, कारण झाकण बसेना. मला वाटलं, तुम्ही दिवसभर मागापुढे बसणार, त्याऐवजी निम्म्या वेळात होईल. मग तुम्ही म्हणाल की... जावयाला काहीतरी येतं. जुना काढताना वाकला, पण आता तो कशाला लागणार म्हणून बघितलंही नाही. मग माग क्षणभर लावून बघितला. मग कळलं. सगळे सरळ केले, दोन राहिले. मोडतील म्हणून हात धजेना. आणि तेवढ्यात तुम्ही दोघी परत आलात."

"आणि सकाळी?" लेक म्हणाली.

जावयाने चौकोन बाईंच्या हातात ठेवला.

बाईंनी चौकोन उजेडात धरला. एका कोपऱ्यातले दोन पाय आडवे झोपले होते. मेस्त्रींनी हात पुढे केला, पण तो अजून थरथरत होता. त्यांनी तो मागे घेतला. "वहिनी, आज माझ्याच्याने नाही व्हायचं. पाय तुटला तर संपलंच."

"तुम्ही नुसतं सांगा."

बाईंनी पेन्सिलीचं वाकडं नाक दातांनी सरळ केलं. सून 'आई' म्हणाली, पण पुढे काही नाही. मेस्त्रींच्या पिशवीतली बॅटरी सुनेने धरली. पोकळ टोक पहिल्या पायावर चढलं. "ओढायचं नाही," मेस्त्री म्हणाले, "नुसतं उभं व्हायला सांगायचं." तो उभा राहिला. दुसरा जास्त मुडपला होता. बाईंनी श्वास धरला. किल्ल्या पोटाला टोचत होत्या. मुलगाही श्वास धरून उभा होता, आणि ते बघून बाईंना मनातल्या मनात बरं वाटलं. दुसराही उठला, जरा पोक काढून, पण उठला.

मेस्त्रींनी ठिपका ठिपक्याच्या जागी ठेवून चौकोन खाचेत बसवला. पेटी चालू झाली. पडद्यावर अक्षरं धावली ती बाईंना वाचता आली नाहीत, आणि त्या तिकडे बघतही नव्हत्या. त्या मागाकडे कान लावून होत्या.

खट-खट-खट. दम. सर्रकन धोटा.

पट्टीवर पहिलं अक्षर आलं, मग दुसरं, एकमेकांपासून शहाण्यासारखी अंतर ठेवून. मुलगा पुढे आला, रिळाला दोरा घातला आणि न सांगता मागापुढे बसला. "संध्याकाळपर्यंत होईल," तो म्हणाला. मग मेस्त्रींकडे वळला. "काका, सकाळी मी जे केलं ते... चुकलो."

मेस्त्रींनी नुसती मान हलवली. जावई एव्हाना फरशीवरचे तुटलेले दोरे वेचायला लागला होता.

"ठेवा ते," बाई म्हणाल्या.

त्याने दोरे ठेवले.

"उभे राहा आणि इकडे बघा. माग बिघडवलात ते मी सोडून दिलं. तुम्हाला भलं करायचं होतं, आणि माझं दूध पूर्वीही करपलंय. पण सकाळी ह्या माणसाची पिशवी इथे उलटी झाली, त्याची पोळीभाजी माझ्या फरशीवर पडली, तेव्हा तुम्ही त्या जिन्यावर उभे होता. ती चष्म्याची डबी तुमच्या खिशात होती. एक शब्द पुरला असता. तुम्ही वर जाऊन कपबश्या धुतल्यात. कपबश्या स्वच्छ झाल्या, जावईबापू, तुम्ही नाही झालात. आता असं करायचं. गाडी गेली की मेस्त्रींची पिशवी तुम्ही उचलायची, त्यांच्या घरापर्यंत चालत न्यायची, आणि त्यांच्या बायकोसमोर उभं राहून सांगायचं की आज तुमच्या नवऱ्याला चोर म्हटलं गेलं आणि ते माझ्यामुळे. सगळं सांगायचं. सावकाश, मध्ये दम घेत. पटकन उरकायचं नाही."